गायीची घंटा कुरणात कशाला आणि गाण्यात कशाला?

रील बघताना हा आवाज तुम्ही नक्की ऐकला असणार. रात्रीच्या रस्त्यावर भरधाव गाडी वळणावर तिरकी घसरत जाते, चित्र थरथरतं आणि त्याखाली एक कोरडी, पत्र्यासारखी धून टणटणत असते. गिटार नाही, पियानो नाही, पण डोक्यात अडकून बसते. या संगीताला फोंक म्हणतात आणि धून वाजवणाऱ्या आवाजाचं नाव आहे काउबेल. म्हणजे गायीच्या गळ्यातली घंटा. नीट सांगायचं तर घंटेची नक्कल, तीही १९८० साली बाजारात आलेल्या एका यंत्राची.

हीच घंटा अधूनमधून बातम्यांतही झळकते. स्वित्झर्लंडमधल्या आरवांगेन गावात काही रहिवाशांनी तक्रार केली, की शेजारच्या कुरणातल्या गायींच्या घंटांमुळे रात्री झोप लागत नाही. तक्रार ऐकून गावच पेटलं. सह्यांची मोहीम झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये गावसभेने प्रचंड बहुमताने घंटांच्या बाजूने कौल दिला.

गाडीच्या रीलचा आणि या भांडणाचा संबंध काय? संबंध घंटेच्या एकाच गुणात आहे. कितीही गोंगाटात ती ऐकू येते. गुराख्याला हाच गुण हवा असतो, वादकालाही हाच हवा असतो आणि शेजाऱ्याला नेमका हाच नको असतो.

## घंटेचं मूळ काम

आल्प्समध्ये उन्हाळा लागला की गायी खोऱ्यातून उंचावरच्या कुरणांकडे नेतात आणि थंडीच्या तोंडावर खाली आणतात. स्वित्झर्लंडमधल्या या उन्हाळी चराईची नोंद युनेस्कोने २०२३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. वर गेल्यावर गायी बराच वेळ मोकळ्या असतात. उतार, घळी, मध्येच झाडी, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचंही दिसत नाही. नजर पहिल्या खडकापाशी अडते. आवाज मात्र खडकाला वळसा घालून येतो.

घंटा गुराख्याला तीन गोष्टी सांगते. पहिली, जनावर कुठे आहे. आपल्या दोन कानांत थोडं अंतर असल्यामुळे डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. आवाज हळूहळू चढणारा असेल तर हा हिशेब चुकतो. घंटेचा ठोका एकदम सुरू होतो, त्यामुळे दिशा पटकन कळते.

दुसरी गोष्ट, जनावर कोणतं आहे. आकार, जाडी आणि लोलक बदलला की आवाज बदलतो. लोलक म्हणजे घंटेच्या आत लटकणारी, कडेवर आपटणारी जीभ. कळपाच्या पुढे चालणाऱ्या गायीला मोठी, खालच्या आवाजाची घंटा बांधली की बाकीच्या तिच्या मागोमाग राहतात आणि गुराख्यालाही कळपाचं तोंड कुठे वळलंय ते समजतं. स्वित्झर्लंडच्या आपेन्त्सेल भागात तर मिरवणुकीच्या गायींसाठी एकमेकींशी सूर जुळणाऱ्या तीन घंटांचा संच असतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते: जनावर काय करतंय. चरणारी गाय जिभेने गवत ओढून तोडते, तेव्हा मान हिसकते आणि घंटा तुटक तुटक वाजते. चालायला लागली की पावलांचा ठेका येतो. बसून रवंथ करू लागली की घंटा जवळजवळ गप्प. आणि सगळ्या घंटा एकदम घाईघाईने वाजू लागल्या तर कळप बिथरलाय, हातातलं काम टाकून पळायला हवं. मुरलेला गुराखी हे कान देऊन ऐकत बसत नाही. तो लाकडं फोडत असतो, नाहीतर धारा काढत असतो. नेहमीचा आवाज बदलला की त्याची मान आपोआप वर होते.

या सगळ्याला लागणारी ताकद गायच पुरवते. चार्जिंग वगैरे भानगड नाही.

## ओतीव घंटा आणि पत्र्याची घंटा

घंटा दोन पद्धतींनी बनतात. ओतीव घंटेसाठी कासं वितळवून साच्यात ओततात. घंटेच्या कांशात साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असतं. हा धातू कडक आणि ठिसूळ. ठोका पडला की स्वच्छ वाजतो आणि बराच वेळ घुमत राहतो.

दुसरी घंटा पत्र्याची, ठोकून घडवलेली. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात तिला ट्रायखेल म्हणतात. तिचा आवाज खालचा, थोडा भसाडा आणि लवकर विरणारा. गाण्याच्या दुनियेत पुढे हिचंच कुळ गाजलं.

पत्र्याची घंटा घडवण्याची एक जुनी रीत पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात, विशेषतः आल्कासोव्हश गावात टिकून आहे. कारागीर लोखंडाचा पत्रा कापतो आणि तो न तापवता ऐरणीवर ठोकून, दुमडून पेल्याचा आकार देतो. दोन्ही कडा एकमेकींवर येतात, पण त्यांच्यात फट राहते. मग पत्र्याभोवती तांब्याचे किंवा कथलाचे बारीक तुकडे ठेवायचे आणि सगळं माती व पेंढ्याच्या चिखलात लिंपून टाकायचं. बाहेरून बघणाऱ्याला तो नुसता मातीचा गोळा दिसतो. हा गोळा भट्टीत जातो.

आत जे होतं त्यात खरी गंमत आहे. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, लोखंडाला मात्र १५३८ अंश लागतात. भट्टी या दोहोंच्या मध्ये ठेवली की तांबं पाण्यासारखं पातळ होतं आणि लोखंड जागच्या जागी राहतं. पातळ तांबं पत्र्यावर पसरतं, फटीत शिरतं आणि सांधा झाळून टाकतं. बाहेरच्या मातीमुळे हवा आत जात नाही, म्हणून तापलेला धातू जळून काळा पडत नाही. नंतर गोळा गार पाण्यात बुडवतात, भाजलेली माती फोडून काढतात, घंटा घासतात आणि शेवटी हातोडीने बारीक ठोके देत आवाज जुळवतात. सांधा नीट झाळला गेला नसेल तर घंटा वाजण्याऐवजी खुळखुळते. तांब्याच्या थराने गंजही लांब राहतो.

युनेस्कोने २०१५ साली ही कला वारसा म्हणून नोंदली, पण ज्या यादीत नोंदली ती तातडीने जतन करण्याच्या कलांची आहे. गुराखी कमी झाले, कारखान्यात स्वस्त घंटा बनू लागल्या. मग ऐरणीवर कोण बसणार?

## एवढा टणटणाट येतो कुठून?

सतारीची तार छेडली की एकच सूर ऐकू आल्यासारखा वाटतो. खरं तर तार एकाच वेळी अनेक वेगांनी कंप पावत असते. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे बारीक सूर त्यात मिसळलेले असतात. त्यांना उपस्वर म्हणू. तारेचे उपस्वर असे पूर्ण पटीत असतात, म्हणून ते एकमेकांत मुरतात आणि कानाला एक गोड सूर मिळतो.

पत्र्याचं तसं नसतं. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की जो आवाज होतो तो आठवा. त्याला सूर आहे म्हणावं तर गुणगुणता येत नाही, नाही म्हणावं तर तो पार आतल्या खोलीत ऐकू जातो आणि सगळ्यांच्या माना वळतात. ताटाचा मधला भाग, काठ आणि उभी कड आपापल्या वेगाने थरथरत असतात आणि त्या वेगांचं एकमेकांशी सरळ गणित नसतं. गायीच्या घंटेचंही तेच. तिच्या चपट्या बाजू, वाकवलेल्या कडा आणि निमुळता माथा मिळून जे उपस्वर निघतात ते एकमेकांत मुरत नाहीत, घासतात. त्या घासण्याला आपण टणटणाट म्हणतो.

आवाजाची पट्टीही तितकीच महत्त्वाची. कंपनांचा वेग हर्ट्झमध्ये मोजतात. १ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंप. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी एका अभ्यासासाठी वापरलेल्या घंटांचे सूर ५३२ ते २८०० हर्ट्झच्या दरम्यान होते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झला सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणजे घंटेचा वरचा भाग बरोबर तिथे पोचतो. याहून फार वरचे सूर हवा शोषून घेते, त्यामुळे ते लांब जात नाहीत. फार खालचे सूर वाऱ्याच्या आणि ओढ्याच्या घुमघुमीत बुडतात, शिवाय त्यासाठी प्रचंड घंटा लागली असती. हे गणित कोणी कागदावर मांडून घंटा बनवली नाही. जी घंटा ऐकू येईना ती मागे पडली, एवढंच.

## जिला धड सूर नाही ते वाद्य कसं?

हा आक्षेप नेहमीचा. सूर म्हणजेच संगीत असं धरलं तर बरोबरही आहे. पण वाद्यवृंदात कोणीतरी वेळ सांभाळायची असते आणि त्या कामाला गोड सूर उलट अडचणीचा ठरतो, कारण तो बाकीच्यांत मिसळून जातो.

पश्चिम आफ्रिकेत हे फार पूर्वी ओळखलं गेलं. घाना आणि टोगोमधल्या एवे लोकांची गांकोगुई म्हणजे लोखंडाच्या दोन जोडघंटा, एक मोठी नि एक छोटी. नायजेरियाच्या योरुबा लोकांची आगोगो त्याच जातीची. यांना लोलक नसतो, काठीने वाजवतात. या घंटा गायीच्या गळ्यातून आलेल्या नाहीत. पत्रा ठोकून बनवण्याची कल्पना सारखी, घराणं वेगळं.

त्यांच्यावर वाजणारा एक प्रसिद्ध ठेका करून बघण्यासारखा आहे. एकसारख्या गतीने एक ते बारा मोजत राहा आणि १, ३, ५, ६, ८, १० आणि १२ या आकड्यांवर टाळी द्या. न थांबता परत एकपासून. बारा मात्रांत सात ठोके. पाचवा आणि सहावा लागोपाठ येतात, तसेच बारावा आणि पुढच्या आवर्तनाचा पहिला. बाकी ठिकाणी एकेक मात्रा मोकळी. दोन-तीन आवर्तनांनंतर वाटू लागतं, की सम नक्की कुठे आहे? तीनच्या हिशेबाने मोजलं तरी बसतं, चारच्या हिशेबाने मोजलं तरी बसतं. (जाता जाता: पेटीवर शुद्ध सप्तक वाजवताना किती पट्ट्या पुढे जावं लागतं ते मोजलंत, तर दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक हीच अंतरं मिळतात. यातून काही सिद्ध होत नाही, पण मजा आहे.)

भोवती ढोलवाले काय वाटेल ते करोत, घंटा हा ठेका सोडत नाही. नाचणारेही तिच्याकडे कान लावून असतात. ढोलांच्या गदारोळात सगळ्यांना सारखी ऐकू येणारी गोष्ट तेवढी एकच असते.

अटलांटिकपार गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर हे ठेके क्युबा आणि ब्राझीलला पोचले. घंटा जवळ नव्हत्या तेव्हा हाताला लागेल ते लोखंड वाजलं. क्युबात शेतातल्या कुदळीचं पातं, ज्याला तिथे ग्वाताका म्हणतात, ते वाद्य झालं. गुरांच्या घंटेचा लोलक काढून तिच्यावर काठी मारली की झाली सेनसेरो. दोन घराणी भेटली ती इथे.

क्युबाच्या सोन या गाण्याच्या प्रकारात बाँगो (जोडीने बांधलेले छोटे ढोल) वाजवणारा पहिल्या भागात बाँगोच वाजवतो. मग मोन्तूनो येतो: मुख्य गायकाची एक ओळ, मागच्यांचं उत्तर, पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. या क्षणी तो बाँगो बाजूला ठेवून हातात घंटा घेतो. घंटा तळहातावर आडवी धरलेली, तोंड बाहेरच्या बाजूला. जाड काठीने तोंडाच्या काठावर मारलं की खालचा, मोकळा आवाज येतो. माथ्याकडे अंगावर मारलं की वरचा, आवळलेला. धरलेल्या हाताची बोटं दाबून तो घुमारा हवा तेवढा कापतो. या दोन आवाजांवरच सगळा खेळ, पण घंटा सुरू होताच नाचाला चढ येतो.

१९६२ साली अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला आणि न्यू यॉर्कच्या वादकांना क्युबन वाद्यं मिळेनाशी झाली. ही अडचण बघून मार्टिन कोहेन याने स्वतःच बाँगो, घंटा वगैरे बनवायला घेतल्या आणि १९६४ साली लॅटिन पर्कशन ही कंपनी काढली. बंदीतून धंदा उभा राहतो तो असा.

रॉकमध्ये घंटा ड्रमसेटवर जाऊन बसली. रोलिंग स्टोन्सचं १९६९ चं ‘हाँकी टाँक विमेन’ घंटेनेच सुरू होतं आणि ती वाजवलीय ड्रमरने नव्हे, तर निर्माता जिमी मिलर याने. मग ८ एप्रिल २००० रोजी ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी कार्यक्रमात एक प्रहसन झालं. ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडच्या १९७६ च्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चाललंय, विल फेरेल जीव तोडून घंटा बडवतोय, सगळे वैतागलेत आणि निर्माता झालेला क्रिस्टोफर वॉकेन म्हणतोय, आणखी काउबेल हवी! तेव्हापासून इंग्रजी जगात घंटा हा विनोदच होऊन बसला. मूळ गाणं नीट ऐका, घंटा इतकी मागे आहे की शोधावी लागते.

## मालरची तळटीप

आतापर्यंतच्या सगळ्या वादकांनी घंटा लोलकाविना वाजवली आणि तिला शिस्त लावली. ऑस्ट्रियाचा संगीतकार गुस्ताव मालर याने उलट केलं. २७ मे १९०६ रोजी जर्मनीतल्या एसेन शहरात त्याची सहावी सिंफनी पहिल्यांदा वाजली. तिच्यात गुरांच्या घंटा आहेत, काही ठिकाणी तर रंगमंचाच्या बाहेरून वाजणाऱ्या. स्वरलिपीत त्याने सूचना दिली, की घंटा अगदी हलक्या हाताने वाजवाव्यात, लांब चरणाऱ्या कळपासारख्या, कधी एकत्र, कधी एकेकटी, कधी वरच्या, कधी खालच्या. म्हणजे शंभरेक माणसांच्या काटेकोर वाद्यवृंदात एक वाद्य मुद्दाम तालात नको.

पुढे त्याने बजावलं, की या तांत्रिक सूचनेतून कुठलीही गोष्ट किंवा चित्र काढू नये. घंटा ऐकून श्रोत्यांनी हिरवं कुरण आणि धष्टपुष्ट गायी डोळ्यांपुढे आणू नयेत म्हणून ही धडपड. मला ती भाबडी वाटते. गायींच्या घंटा वाजवायच्या आणि गायी आठवू नका म्हणायचं! रिचर्ड स्ट्राउसने १९१५ च्या आपल्या ‘आल्पाइन सिंफनी’त असा संकोच केला नाही, त्याच्या घंटा सरळ कुरणाच्या प्रसंगातच वाजतात. आणि १९६४ मध्ये ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराने सुरात लावलेल्या घंटांचे तीन संच वापरले, तेही ठरलेले स्वर वाजवायला. तोवर बिनसुराच्या घंटेला सूरही लागला होता.

## रीलमधला तो आवाज

आता यंत्राकडे. १९८० साली जपानच्या रोलंड कंपनीने टीआर-८०८ नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं. त्याच सुमारास अमेरिकेत लिन एलएम-१ आलं होतं. त्यात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित आवाज साठवलेले होते, पण मेमरीच्या चिप महाग, त्यामुळे किंमत ५००० डॉलरच्या घरात. ८०८ जेमतेम १२०० डॉलरला. एवढ्या पैशांत ध्वनिमुद्रण बसत नव्हतं, म्हणून रोलंडच्या अभियंत्यांनी प्रत्येक आवाज विजेच्या मंडलांतून घडवला.

घंटेसाठी त्यांनी दोन चौकोनी लहरी घेतल्या. चौकोनी लहर म्हणजे हळूहळू वरखाली न होता एकदम चढणारी आणि एकदम उतरणारी, म्हणून ऐकायला खरखरीत. एक लहर सुमारे ५४० हर्ट्झची, दुसरी सुमारे ८०० हर्ट्झची. दोन्ही एकत्र करून फक्त मधला पट्टा राहील अशा गाळणीतून काढल्या आणि आवाज झटकन सुरू होऊन लगेच विरेल अशी सोय केली. ५४० ला षड्ज धरलं तर त्याचा पंचम दीडपट, म्हणजे ८१० हर्ट्झ. यंत्रात आहे ८००. पंचम किंचित उतरलेला! तंबोरा नीट न लागल्यावर कान जसा अस्वस्थ होतो तसंच इथे होतं आणि दोन बेसूर लहरींना आपण धातू समजतो. खऱ्या पत्र्यात उपस्वर घासतात ते वीसेक असतील, इथे दोघांवर काम भागवलंय.

खऱ्या घंटेशेजारी ठेवलं तर ही नक्कल साफ पडते. पण स्वतःचा असा आवाज म्हणून ती जगली. साधारण १२,००० यंत्रं बनवून १९८३ मध्ये रोलंडने उत्पादन थांबवलं, जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली आणि पैसे नसलेल्या हिप हॉपवाल्या पोरांच्या हाती गेली. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या रॅपच्या कॅसेटींवर ही घंटा धून म्हणून वाजली. मूळ यंत्रात तिचा सूर बदलता येत नाही. पण आवाज एकदा मुद्रित करून घेतला की वेग कमीजास्त करून हवा तो स्वर काढता येतो. मेम्फिसच्या त्या कॅसेटींवर वाढलेल्या इंटरनेटवरच्या पोरांनी, विशेषतः रशियातल्या, ही युक्ती टोकाला नेली आणि ड्रिफ्ट फोंक, म्हणजे त्या घसरत्या गाड्यांच्या रीलमधला फोंक, जन्मला. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून बास ऐकूच येत नाही. घंटेचा मधला पट्टा मात्र खणखणीत येतो. रीलमध्ये ती एवढी चालण्यामागे हेही एक कारण असावं.

## पण गायीला त्रास होत नाही का?

घंटा आपल्यापासून लांब असते, गायीच्या कानापासून हातभर अंतरावर. प्रश्न रास्त आहे.

मघाशी उल्लेख केलेला ईटीएचचा अभ्यास याचसाठी होता आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ब्राउन स्विस जातीच्या, घंटेची सवय असलेल्या गायींना तीन-तीन दिवस तीन प्रकारे ठेवलं: एकदा घंटेविना, एकदा लोलक बंद केलेली मुकी घंटा बांधून आणि एकदा वाजती घंटा बांधून. घंटा ५.५ किलोची. तिचा आवाज २० सेंटिमीटरवर ९० ते ११३ डेसिबल. डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप आहे आणि ते गुणाकाराने चढतं: १० ने वाढलं की ऊर्जा दहापट.

घंटा बांधल्यावर गायींचा रवंथ कमी झाला, वाजत्या घंटेने आणि मुक्या घंटेनेही. चरण्याचा वेळ तर मुक्या घंटेने घटला. म्हणजे दोष फक्त आवाजाचा नाही, ओझ्याचाही आहे. वाजत्या घंटेच्या तिसऱ्या दिवशी गायी पहिल्या दिवसापेक्षा जवळपास चार तास कमी बसल्या. हृदयाच्या ठोक्यांच्या मोजणीत मात्र ताणाची खूण सापडली नाही. तीन दिवसांत गायींना घंटा सवयीची झाल्याचंही दिसलं नाही.

घंटावाले म्हणतात, गायी थोड्या होत्या, तीन दिवस म्हणजे काहीच नाही आणि साडेपाच किलोची घंटा रोज कोण बांधतं? पहिले दोन मुद्दे बरोबर आहेत. अभ्यासाने आयुष्यभराच्या परिणामाबद्दल दावा केलेलाही नाही. तिसऱ्यातही तथ्य आहे. प्रचंड घंटा मिरवणुकीसाठी असतात, रोजच्या बऱ्याच लहान. पण मग उत्तरही त्यातच आहे. घंटा हलकी घ्यावी, कळपातल्या सगळ्यांना न बांधता दोघी-तिघींना बांधावी आणि गोठ्यात आल्यावर काढावी. गायीला आपल्याहून वरचे आवाज ऐकू येतात, जवळपास ३५,००० हर्ट्झपर्यंत, आणि तिचा कान ८,००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. आपल्याला जो टणटणाट गोड वाटतो तो तिला कसा ऐकू येतो, हे आपल्या कानाने ठरवता येणार नाही.

## आणि शेजाऱ्यांची झोप?

याचा हिशेब सोपा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, हजारपट झालं की ६० ने. २० सेंटिमीटरवर १०० डेसिबल वाजणारी घंटा २०० मीटरवर ४० डेसिबलला येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची जी मर्यादा सुचवली ती घराबाहेर सरासरी ४० डेसिबल. म्हणजे दोनशे मीटरवरची एक घंटा काठावर, आणि पंधरा गायी पन्नास मीटरवर असतील तर तक्रार करणाऱ्याला वेडा म्हणता येत नाही. त्यात घंटा अनियमित. पंख्याच्या एकसुरी घरघरीला मेंदू विसरतो. तुटक टणटणाटाला विसरत नाही, कारण तो विसरला जाऊ नये म्हणूनच तर बनवलाय.

कायदा कोणत्या बाजूने? फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये गावाकडचे आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदा केला. कोंबड्याची बांग, गुरांच्या घंटा यांच्यावरून कोर्टात जाणाऱ्या नव्या रहिवाशांना आवर घालायला. अमेरिकेत उलटी वाट होती. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचे पाठीराखे अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत हजारो घंटा वाजवतात, म्हणून त्यांच्या स्पर्धा-मंडळाने १९७४ मध्ये आवाज करणाऱ्या साधनांवर बंदी घातली. पाठीराखे लपवून घंटा आणत राहिले. शेवटी २०१० पासून खेळ थांबलेला असताना वाजवा, अशी तडजोड निघाली.

माझं मत विचाराल तर गावात घंटा आधी आली की माणूस आधी आला, हा वाद घालण्यात अर्थ नाही. रात्री तारेच्या कुंपणात उभ्या असलेल्या गायीला शोधायचं नसतं. तिथे घंटा फक्त रिवाज म्हणून वाजते. डोंगरावर, धुक्यात ती कामाची आहे. दोन्ही ठिकाणी एकच नियम लावण्याच्या हट्टातून अर्धी भांडणं होतात.

## जीपीएस आल्यावर घंटा हवीच कशाला?

आता गळ्यातला पट्टाच सांगतो गाय कुठे आहे. मोबाइलवर नकाशा, त्यावर ठिपके. नॉर्वेच्या नोफेन्स कंपनीचा पट्टा त्याहून पुढे जातो. शेतकरी मोबाइलवर बोटाने कुंपण आखतो. जनावर त्या अदृश्य रेषेजवळ गेलं की पट्ट्यातून चढत जाणारे सूर वाजतात. परत फिरलं तर सूर थांबतात, नाही फिरलं तर विजेचा हलका झटका बसतो. असं चारदोनदा झालं की जनावर नुसत्या सुरांवर मागे वळायला शिकतं. झटक्याबद्दलचे आक्षेप इथेही आहेतच.

यात एक उलटापालट झाली. घंटेचा आवाज जनावराकडून माणसाकडे जायचा. पट्ट्याचा आवाज माणसाच्या वतीने जनावराकडे जातो आणि माणसाला तो ऐकू येण्याची गरजही उरत नाही. शेजाऱ्यांचा प्रश्न सुटतो, गळ्यातलं ओझंही कमी होतं.

अडचणी व्यवहारातल्या आहेत. पट्ट्याला बॅटरी लागते, खोल खोऱ्यात मोबाइलचं नेटवर्क मिळेलच असं नाही आणि जीपीएसचा ठिपका काही मीटर इकडेतिकडे असतो. सपाट रानात याने बिघडत नाही. कड्यावर तेवढ्या अंतरात गाय काठाच्या वर असू शकते किंवा खाली. ठिपक्याजवळ पोचल्यावर, धुक्यात, शेवटची वीस पावलं कुठल्या बाजूला टाकायची ते अजून कानच सांगतो. म्हणून पट्टा घेतला तरी पुढच्या गायीच्या गळ्यात एक हलकी घंटा ठेवणं शहाणपणाचं.